गासच्या वाटेवरील उंबर

नालासोपारा स्थानकातून पश्चिमेस बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला आरंभी केवळ गर्दीच भेटते. रिक्षांच्या रांगा, दुकानांच्या पाट्या, एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती. सोपारा गावातील चक्रेश्वर तलाव मागे पडला की वस्ती विरळ होऊ लागते, आणि गासच्या दिशेने निघालेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या दिसू लागतात. केळीची बने, नारळ, भाजीचे वाफे, मध्येच मोगऱ्याची एखादी ओळ. वसई तालुक्याचा हा पश्चिम पट्टा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला भाजी, केळी आणि फुले पुरवीत आला आहे. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी अशा अनेक समाजांनी ही भूमी कसली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि गासचा पत्ता बदलला. वाड्यांचा क्रम मात्र तोच राहिला.

या पट्ट्यात पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर बहुतेक लोक सोपाऱ्याचा स्तूप दाखवितात. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले आणि हा बौद्ध स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. ते पाहावे, अवश्य पाहावे. परंतु गासकडे जाताना आणखी एक वस्तू पाहण्याजोगी आहे, जिच्यासाठी कोणी पाटी लावलेली नाही. ती म्हणजे बावखल, आणि त्याच्या काठावरचा उंबर.

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा ऐकू येत नाही. वाळूमिश्रित जमिनीत खोदलेले, पायऱ्या किंवा दगडी बांधकाम नसलेले, गोड्या पाण्याचे लहानसे तळे म्हणजे बावखल. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, हिवाळ्यात त्याच्यावर वाडीचे शिंपणे होते, आणि त्याच्यातून मुरणारे पाणी आसपासच्या विहिरींना गोड ठेवते. समुद्र आणि खाडी इतकी जवळ असताना या भागातील विहिरींना गोडे पाणी लागते याचे कारण हेच आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके. पावसाचे मुरलेले पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर जणू तरंगत राहते. मुरणे थांबले किंवा उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. वाडीची केळ मग पानांच्या कडांपासून करपू लागते.

बावखलाच्या काठी उंबर आढळतो, तो योगायोगाने नव्हे. त्याची मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर जातात, आणि जिथे पाणी हाताशी असते तिथे तो विशेष फोफावतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजल शोधण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेस किती खोल पाणी लागेल हे सांगताना उंबराचाही समावेश केला आहे. विहीर खणणाऱ्या जाणत्यांना संस्कृत ग्रंथ ठाऊक नसले, तरी उंबर दिसला की ते थांबत. उंबराचे लाकूड हवेत लवकर कुजते, पण पाण्याखाली दीर्घकाळ टिकते. म्हणून विहिरीच्या तळाशी बसवावयाच्या लाकडी कड्यासाठी ते वापरले जाई. उंबरठा, उंबरा हे शब्दही लोक याच झाडाशी जोडतात. गुजराती घरांतही दाराच्या त्या पट्टीला ‘उंबरो’च म्हणतात.

हे झाड ओळखणे सोपे आहे. वडासारख्या पारंब्या त्याला नसतात. खोड राखी-तपकिरी, आणि फळे फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाघोसांनी लागतात. कच्ची असताना हिरवी, पिकल्यावर तांबूस. वर्षातून अनेकदा बहर येतो, आणि सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे परिसरात कुठे ना कुठे पिकलेला उंबर असतोच. संस्कृतात त्याला ‘सदाफल’ म्हणतात ते त्यामुळे. तांबट, बुलबुल, कोकीळ, रात्री वटवाघळे, आणि खाली पडलेल्या फळांवर गुरे व खारी, अशी पंगत वर्षभर चालू असते.

या पंगतीत जैन श्रावक बसत नाही. कोणत्याही जैन घरातील मुलाला पाच उदुंबरांची नावे पाठ नसली, तरी उंबर खायचा नाही एवढे ठाऊक असते. वड, पिंपळ, उंबर, पाकर अर्थात पिंपरी, आणि कठूंबर अर्थात काळा उंबर ही ती पाच फळे. दिगंबर परंपरेत आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त मद्य, मांस आणि मध यांच्या जोडीने या पाच फळांचा त्याग सांगितला, तेच पुढे श्रावकाचे आठ मूलगुण म्हणून रूढ झाले. श्वेतांबर परंपरेत बावीस अभक्ष्यांच्या यादीचा आरंभच या पाच फळांनी होतो. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त ही फळे कृमींनी भरलेली असल्याचे सांगून त्यांचा निषेध केला आहे. दोन्ही परंपरांचे मतभेद असंख्य असले तरी या बाबतीत एकवाक्यता आहे.

कारणही दोघांनी एकच दिले : त्या फळांत त्रस जीव असतात. स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. धान्य, भाजी, पाणी यांशिवाय त्याचा संसार चालत नाही. परंतु जे जीव हलतात, पळतात, दुःख टाळू पाहतात त्यांची हिंसा तो टाळू शकतो, म्हणून टाळलीच पाहिजे. उंबर फोडून पाहणाऱ्याला हे जीव डोळ्यांनी दिसतात. मराठीने त्यांना नावही दिले आहे : केंबरे. ‘उंबर फोडून केंबरे उडविणे’ हा वाक्प्रचार झाकलेली गोष्ट उगाच उघडी करणाऱ्याबद्दल वापरतात. आयुर्वेदाच्या निघंटूंनीही उंबराला ‘जंतुफल’ असे नाव दिले आहे, म्हणजे आत जीव आहेत हे वैद्यांनाही पुरते ठाऊक होते.

आधुनिक वनस्पतिशास्त्राने जे दाखविले ते अधिक विस्मयकारक आहे. उंबर हे खरे पाहता फळ नव्हेच; ते आतल्या बाजूस उमललेल्या शेकडो सूक्ष्म फुलांचे बंद पेटार आहे. ‘उंबराचे फूल’ कोणाला दिसत नाही, याचे कारण ते आत असते. या पेटाराच्या टोकाला एक अतिशय अरुंद दार असते. काही मिलिमीटर लांबीची एक मादी माशी, जी वस्तुतः गांधीलमाशीच्या दूरच्या कुळातील आहे, त्या दारातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. दुसऱ्या उंबरातून अंगावर आणलेले पराग ती आतल्या फुलांवर झाडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी तिची संतती जन्मते. नरांना पंख नसतात. ते आयुष्यभर बाहेरचा प्रकाश पाहत नाहीत. माद्यांशी मीलन झाल्यावर ते फळाच्या सालीतून बाहेर जाण्याची वाट पोखरतात आणि मरतात. त्या वाटेने तरुण माद्या पराग घेऊन बाहेर पडतात व एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरा उंबर शोधतात. प्रत्येक जातीच्या उंबर-वडाची माशी बहुधा वेगळी. उंबर नाही तर ती माशी नाही, आणि ती माशी नाही तर उंबराला बी नाही. केंबरे म्हणजे फळाला लागलेली कीड असा सर्वसाधारण समज आहे. तसे ते नाही. फळाचे अस्तित्वच त्यांच्या जन्ममरणावर उभे आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळात ज्यांनी या पाच फळांना एका गटात बसविले, त्यांचे निरीक्षण किती अचूक होते हे यावरून कळते. कारण ही पाचही झाडे एकाच वंशातील आहेत.

येथे अंजिराचा प्रश्न हटकून निघतो. अंजीर त्याच वंशातले. पुरंदर तालुक्यातील प्रसिद्ध अंजिराच्या जातीला फळ धरण्यासाठी माशीची गरज लागत नाही, असे फळबागतज्ज्ञ सांगतात. म्हणून काही जण ते खातात, तर पुष्कळ घरांत बहुबीज म्हणून किंवा उदुंबराच्या जातीचे म्हणून ते वर्ज्यच असते. या बाबतीत आपापल्या गुरुमहाराजांचे वचन प्रमाण मानावे. मात्र वाळलेल्या फळात आता जीव कुठे, असा जो युक्तिवाद केला जातो त्याचे उत्तर अमृतचंद्राचार्यांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. कालांतराने जीवरहित होऊन सुकलेली पंचोदुंबर फळेही खाऊ नयेत, कारण त्यांच्या सेवनामागे तीव्र आसक्ती असते आणि ती आसक्ती हीच हिंसा, असे ते म्हणतात. बाजारात उंबराच्या फळांचे चूर्ण पौष्टिक म्हणून डब्यांत मिळू लागले आहे. डब्यावर हिरवा ठिपका असतो. तो ठिपका श्रावकासाठी पुरेसा नाही.

फळ वर्ज्य, म्हणून झाडच निरुपयोगी, अशी समजूत मात्र अनेक जैन घरांत रुजली आहे. अंगणात उंबर उगवला तर तो फळेल, मुले खातील, म्हणून रोपटेच उपटून टाकणारे लोक आहेत. हा त्यागाचा अर्थ नव्हे. आयुर्वेदातील ‘पंचवल्कल’ या प्रसिद्ध योगाकडे पाहिले की हे ध्यानात येते. पंचवल्कल म्हणजे पाच साली : वड, उंबर, पिंपळ, पिंपरी आणि पारोसा पिंपळ. या यादीतील पहिली चार झाडे आणि श्रावकाच्या वर्ज्य यादीतील चार झाडे एकच आहेत! एका परंपरेने त्यांची फळे सोडावयास सांगितली, दुसरीने त्यांची साल जखम धुण्यासाठी उचलली, आणि दोहोंत विरोध कोठेच नाही. भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले ते वटवृक्षाखाली. ज्याचे फळ अभक्ष्य, त्याच्या सावलीत पहिल्या तीर्थंकरांना कैवल्य प्राप्त झाले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

उंबराच्या सालीचा मुख्य गुण तुरटपणा. तिच्यातील टॅनिन द्रव्ये ऊतींना आकुंचित करतात, स्राव आटोक्यात आणतात. चरकसंहितेत लघवीचे प्रमाण आवरणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात जांभूळ, आंबा, वड, पिंपळ यांच्यासह उंबर आहे. सुश्रुताच्या न्यग्रोधादी गणात वडाच्या लगोलग उंबराचे नाव येते, आणि तो गण व्रण, मोडलेले हाड, रक्तपित्त, दाह व स्त्रियांचे विकार यांवर सांगितला आहे. कोकणातील घरांत सालीचा काढा आजही मुख्यतः तीन कामांसाठी होतो : तोंड आले असता गुळण्या करण्यासाठी, हिरड्या सैल होऊन रक्त येत असल्यास, आणि चिघळलेली जखम धुण्यासाठी. काढ्याची रीत सोपी आहे. सुकी साल भरड कुटावी, तिच्या सोळा पट पाणी घालून मंद आचेवर चतुर्थांश उरेपर्यंत आटवावे, गाळून कोमट झाल्यावर वापरावे. श्रावकाच्या दृष्टीने हे सोयीचेच. पाणी उकळलेले, साल सुकलेली, आणि गुळण्या दिवसा करावयाच्या. सूर्यास्तानंतरच्या चौविहाराला कोठेच बाध येत नाही.

झाडाचा पांढरा चीक गालगुंडावर आणि न पिकणाऱ्या गळवावर लावण्याची प्रथा महाराष्ट्रभर आहे. कापसाचा पातळ थर चिकाने चिकटवून ठेवतात, तो वाळला की आपोआप सुटतो. चीक डोळ्यांत जाऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते. उंबराच्या गारव्याची तर हिंदू परंपरेत कथाच झाली आहे. ‘गुरुचरित्रा’त असे सांगितले आहे की हिरण्यकशिपूच्या वधानंतर नृसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला. दत्तसंप्रदायात या झाडाला जे स्थान आहे त्याचे मूळ या कथेत शोधले जाते, आणि दत्तभक्त शेतकरी उंबरावर कुऱ्हाड घालण्यास कचरतो. कोणाच्याही श्रद्धेने का होईना, झाड वाचते.

उंबराचे पाणी हा याहून वेगळा प्रकार. झाडाचे एक मूळ उकरून त्याचे टोक कापतात, खाली मडके ठेवून तोंड बांधतात, आणि रात्रभर ठिबकलेले पाणी उष्णतेच्या विकारांवर देतात. वैद्यकीयदृष्ट्या ते थंड मानले जाते. पण ते कच्चे, सचित्त पाणी आहे. ज्यांचा उकळलेले पाणी पिण्याचा नियम आहे त्यांना ते तसे घेता येणार नाही. शिवाय त्यासाठी जिवंत मुळावर घाव घालावा लागतो, तोही फक्त एका मडक्यासाठी. पानांवर येणाऱ्या गाठींचा उपयोगही जुन्या वनौषधिग्रंथांत आढळतो. देवीच्या व्रणांसाठी त्या दुधात भिजवून मधात कालवून देत. त्या गाठी पानावर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकाने केलेल्या असतात, आणि अनुपान मधाचे. म्हणजे श्रावकासाठी हा उपाय दोन्ही बाजूंनी बंद. एकाच झाडाच्या औषधांत काय घ्यावे व काय सोडावे याचा विवेक असा प्रत्येक अंगागणिक करावा लागतो. ‘आयुर्वेदिक’ या एका शब्दाने तो संपत नाही.

मधुमेहावर उंबराच्या सालीचा काढा घेण्याचा सल्ला हल्ली मोबाइलवरून फार फिरतो. सालीच्या अर्कांवर प्रयोगशाळांतून आणि प्राण्यांवर अभ्यास झालेले आहेत, त्यांत साखर उतरल्याची निरीक्षणेही आहेत. पण त्यावरून चालू गोळी किंवा इन्सुलिन बंद करणे हा शुद्ध अविचार आहे. उलट गोळी आणि काढा दोन्ही एकाच वेळी घेतल्यास साखर अवाजवी खाली जाण्याचा धोका संभवतो. पोटात घ्यावयाचे कोणतेही औषध वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गुळण्या आणि जखम धुणे एवढ्या मर्यादेत घरगुती उपयोग सुरक्षित.

आता पोषणाचा भाग. कोवळ्या उंबरांची भाजी बंगालमध्ये आवडीने खातात, आणि डोंगराळ भागातील आदिवासींच्या आहारातही उंबर आहे. फळात तंतू आणि कॅल्शियम चांगले असते. दुष्काळात तर या फळांनी कित्येकांचे प्राण वाचविले. भुकेने कासावीस झालेल्या माणसाने उंबर खाल्ला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हेमचंद्राचार्यांनी नेमका हाच प्रसंग डोळ्यांपुढे ठेवला होता. दुसरे अन्न मिळत नाही, उपासमारीने देह क्षीण झाला आहे, तरीही पुण्यात्मा पंचोदुंबराचे फळ खात नाही, असे त्यांनी लिहिले. वरवर हे कठोर वाटते. त्याचे तारतम्य समजण्यासाठी ग्रंथ मिटून पुन्हा सोपाऱ्याच्याच वाटेवर यावे लागते.

कारण जैन परंपरेतील भुकेची सर्वांत प्रसिद्ध कथा याच सोपाऱ्यात घडली असे मानले जाते. बारा वर्षांच्या भीषण दुष्काळात आर्य वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेनसूरी विहार करीत सोपारकात आले. तेथे जिनदत्त नावाचा श्रेष्ठी, त्याची पत्नी ईश्वरी आणि नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ति व विद्याधर हे चार पुत्र होते. घरात संपत्ती होती, धान्य नव्हते. लाख मोलाने मिळविलेल्या तांदळाची एक हंडी चुलीवर शिजत होती, आणि रोज तिळतिळ मरण्यापेक्षा एकदाच संपावे म्हणून ईश्वरी त्यात विष कालविणार होती. मुनी भिक्षेसाठी दारात उभे राहिले ते नेमके त्या क्षणी. वज्रस्वामींनी त्यांना सांगून ठेवले होते की ज्या दिवशी लाख मोलाच्या अन्नाची भिक्षा समोर येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. वज्रसेनसूरींनी ते सांगितले, विष बाजूला ठेवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदराला लागली. पुढे त्या सर्व कुटुंबाने दीक्षा घेतली, आणि चारही पुत्रांच्या नावांनी चार कुळे निघाली. श्वेतांबर परंपरेतील अनेक गच्छ आपले मूळ चंद्रकुळात सांगतात.

या कथेत उंबराचा उल्लेख नाही. परंतु ती वाचताना हेमचंद्राचार्यांचा नियम वेगळ्या प्रकाशात दिसतो. मुनींनी ईश्वरीला कोणताही नियम ऐकविला नाही, तिची निंदा केली नाही. ‘एक दिवस थांब’ एवढेच सांगितले. ज्याच्या ताटात चार भाज्या आहेत त्याने पाच फळे सोडणे यात कसली तपश्चर्या? नियमाची कसोटी अभावात लागते, आणि त्या अभावात माणसाला धीर देणारे कोणीतरी दारात यावे लागते.

उंबराचे नाव ज्या कथेत प्रत्यक्ष येते ती श्रीपाल-मयणासुंदरीची. चैत्र आणि आश्विनातील नवपदाच्या ओळीत ‘श्रीपाल रास’ घरोघर वाचला जातो, आणि त्यातील कुष्ठरोगी राजपुत्राला लोक ‘उंबर राणा’ म्हणून ओळखतात. पुष्कळ श्रोत्यांना वाटते की हे त्याचे टोपणनाव असावे. वस्तुतः ते रोगाचे नाव आहे. चरकाने सांगितलेल्या सात महाकुष्ठांपैकी एक ‘औदुंबर’. त्यात त्वचेवर पिकलेल्या उंबरासारख्या तांबूस गाठी येतात. सिद्धचक्राची आराधना, आयंबिलाचे तप आणि अभिषेकाचे जल यांनी श्रीपाल निरोगी झाला. पुढे त्याच्या प्रवासात सोपारा येतो, आणि सर्पदंशाने मृतवत झालेल्या तेथील राजकन्या तिलकसुंदरीला तो उठवितो. ज्याला एके काळी उंबराच्या नावाने हिणविले गेले, तोच सोपाऱ्यात जीवदान देणारा ठरला. आगाशीच्या मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास जाणारे हजारो यात्रेकरू दरवर्षी याच परिसरातून जातात. त्यांच्यापैकी किती जणांना वाटेतले हे गाव रासातले सोपारा आहे हे आठवत असेल?

आज या वाटेवरचा प्रश्न पाण्याचा आहे. गास आणि वसईच्या सनसिटीला जोडणारा रस्ता सखल भागातून जातो आणि मोठ्या पावसात पाण्याखाली जातो. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ बुडाले आणि गाड्या थांबल्या, ते दृश्य अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. पावसाळ्यात बुडणारी हीच वस्ती उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते. जे पाणी मुरावयास हवे ते वाहून जाते किंवा साचते, कारण मुरण्याच्या जागाच भरल्या गेल्या. बावखल ही कागदोपत्री अनेकदा नुसती पडीक जमीन. मातीचे डंपर ओतले की सपाट भूखंड तयार होतो. काठावरचा उंबर भरावात मुळापाशी गुदमरतो आणि दोन-तीन वर्षांत वाळतो. कोणी तोडला असे म्हणता येत नाही. अलीकडच्या काळात वसईतील तरुणांनी काही बावखले गाळ काढून स्वच्छ केली, त्यांना पाणीही आले. ही गोष्ट आशादायक आहे, पण भराव घालणाऱ्या यंत्राचा वेग फावड्याच्या कितीतरी पट असतो.

नव्या इमारतींत जैन कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे; नालासोपारा, विरार, वसई येथे देरासरे, उपाश्रय, पाठशाळा उभ्या राहिल्या आहेत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये वनकर्म आहे, म्हणजे झाडे तोडून केलेला व्यवसाय. आणि तळी, सरोवरे सुकविण्याचे सरशोषण कर्मही आहे. पाठशाळेत ही नावे पाठ करून घेतली जातात. बावखल बुजविणे हे त्यांपैकी कशात मोडते, हा प्रश्न पाठशाळेतल्या एखाद्या मुलाने विचारला तर उत्तर देणाऱ्याला थोडे थांबावे लागेल.

झाडापुरते बोलायचे तर कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. बावखलाच्या काठचे कित्येक उंबर त्यात सहज बसतील. त्यासाठी आधी त्यांची गणना आणि नोंद व्हावी लागते, आणि ते काम एखादे युवक मंडळ दोन रविवारांत करू शकते.

साल काढतानाही काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. खोडाभोवती गोलाकार साल कधीही काढू नये. तसे केल्यास पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरते. वाऱ्याने मोडलेल्या किंवा छाटणीत निघालेल्या जाड फांदीची साल सर्वांत उत्तम. एका फांदीची साल सावलीत वाळवून ठेवली तर एका कुटुंबाला गुळण्यांसाठी वर्षभर पुरते. काढण्यापूर्वी ढोलीत पक्ष्यांचे घरटे नाही, मुंग्यांचे वारूळ नाही, हे पाहून घ्यावे.

नवा उंबर लावावयाचा असेल तर इमारतीच्या पायाजवळ, पाण्याच्या टाकीशेजारी किंवा बांधीव विहिरीच्या कठड्याला लागून लावू नये. मुळे बांधकाम फोडतात. मोकळी, ओलसर, सखल जागा निवडावी. बी पक्ष्यांच्या पोटातून येऊन भिंतीच्या फटीत रुजते, अशी रोपे भिंतीतून अलगद सोडवून पावसाळ्याच्या आरंभी हलविता येतात, ती जगतात. गासच्या बाजूला भिंतीत उगवलेल्या अशा रोपांची वाण नाही. मृगाचे दोन पाऊस झाले की मुळांभोवतीची माती सुटते, आणि रोप काढण्यास तीच वेळ योग्य.